'पत्र्यावरचं ऊन' कुणी वाजवलं

धायरी, पुणे
रविवार, दुपार

प्रिय हरिओम,

'प्रिय' लिहिलंय ते शाळेत तसं शिकवलं म्हणून. दुसरा काही अर्थ काढू नकोस. तुझा फोन आला, तू रडलास, मी 'विचार करून सांगते' म्हणाले. तेवढ्यावरून तू काय ठरवून मोकळा झालास ते मला परवा कळलं. त्याच्याकडे शेवटी येते. फोनवरच बोलले असते, पण तू मध्येच बोलतोस. पहिल्यापासूनची खोड आहे तुझी, गाण्यातसुद्धा माझा ठेका पुरा व्हायच्या आत तोंड उघडायचास. कागदावर तुला मध्ये बोलता येणार नाही. तू विचारलंस ना, इतकी वर्षं होतीस कुठं? मग आता बस आणि पूर्ण वाच.

आधी एक गोष्ट, जी मी तुला कधी सांगितली नाही, कारण तू कधी विचारलंच नाहीस की खेड्यातली पोरगी ड्रमपर्यंत पोचली कशी. आमच्या कुंभार पिंपळगावात महेमूदचाचांची बँडपार्टी होती. शाळेच्या मागं मोकळ्या जागेत त्यांची तालीम चालायची आणि मी दप्तर पाठीवर घेऊन तिथंच उभी राहायची. एक दिवस चाचांनी कंटाळून काठ्या माझ्या हातात दिल्या, म्हणाले, "रोज येऊन उभी राहतीस, त्यापरीस वाजव." मी जीव खाऊन बडवायला लागले. ते हसले. "बेटी, जल्दी नको करू. ताल कुठं पळून न्हाई चालला, तूच पळून राह्यली." पुढं घनसावंगीच्या एका लग्नात त्यांचा साइड ड्रमवाला तापानं पडला, तेव्हा मी आठवीत होते. चाचांनी नको नको म्हटलं तरी मी त्याचा लाल कोट चढवला आणि वरातीत वाजवलं. मी घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. दादा, म्हणजे माझे वडील, माझ्याशी बोलायचे बंद झाले, भावकीतले लोक ओट्यावर येऊन बसले. राहिली आमची आई, साळूबाई. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं तो लाल कोट धुतला आणि मागच्या दोरीवर न टाकता रस्त्याच्या बाजूच्या तारेवर वाळत घातला. शेजारणीनं मुद्दाम विचारलं, हे कुणाचं? आई म्हणाली, "दैवशालाचं हाय. बँडात वाजवती ती. का?" मी आजपर्यंत जे काही वाजवलं ते त्या 'का'च्या जोरावर.

नंतरचं तुला माहीत आहे, पण तू ते मुलाखतींमध्ये ज्या पद्धतीनं सांगतोस तसं ते नव्हतं, म्हणून लिहिते. जालन्याला कॉलेजात तू भेटलास, पप्पू भेटला. मोंढ्याच्या बाजारात तुझ्या वडिलांचं बियाण्यांचं गोदाम होतं. उन्हाळ्यात दुपारी हमाल झोपले की आपण पोत्यांच्या थप्प्या सरकवून जागा करायचो. तुझी गिटार, पप्पूचा बास, आणि चाचांनी दिलेल्या दोन जुन्या ड्रमना मी वेल्डिंगवाल्याकडून पाय बसवून घेतले होते, तो माझा सेट. वर पत्रे तापून तडतडायचे. ते तडतडले की आपण सगळे एकदम थांबायचो, हसायचो आणि बरोबर एका वेळी परत सुरू व्हायचो. बँडचं नाव 'खरीप' मी ठेवलं होतं. मुलाखतीत तू म्हणतोस की ते तुला शेतात उभं असताना सुचलं. हरिओम, तू दुकानदाराचा मुलगा, तू कधी उभा होतास शेतात?

चांगलं वाजवायचो आपण. हे मी कुणापुढेही छातीवर हात ठेवून सांगेन. संभाजीनगरच्या त्या कार्यक्रमात पोरं खुर्च्यांवर चढली होती. आणि तुझ्यावर माझं प्रेम होतं, तेही लिहून टाकते, लपवण्यासारखं त्यात काही नाही. ते मला वाटलं तेव्हा मी केलं आणि संपलं तेव्हा संपलं.

मग पुण्यातली ती स्पर्धा, आणि बक्षीस समारंभानंतर भेटलेला तो म्युझिक कंपनीचा माणूस. त्याला बँड हवा होता, मी नको होते. पोरगी गाणारी असती तर बरं होतं म्हणाला, ड्रमवर पोरगी बसवली की लोक गाणं ऐकत नाहीत, तमाशा बघतात. पप्पू त्याच्यावर धावून गेला. तू खाली बघत राहिलास. दुसऱ्या दिवशी शिवाजीनगरच्या स्टँडवर तू मला जालन्याच्या गाडीत बसवलंस, खिडकीची जागा धरून दिलीस, पाण्याची बाटली दिलीस आणि म्हणालास, "फक्त पहिल्या अल्बमपुरतं समजून घे, दैवा." गाडी सुटेपर्यंतसुद्धा तू थांबला नाहीस. तुला आजही वाटतं की मी त्या गाडीनं गावी गेले. मी नगरला उतरले. स्टँडवर चहा घेतला आणि समोरच लागलेल्या पुण्याच्या गाडीत चढले. त्या संध्याकाळी तू नव्या ड्रमरबरोबर तालीम करत होतास आणि मी तुझ्यापासून दोन पेठा पलीकडे एका लेडीज हॉस्टेलच्या दारात उभी होते.

त्यानंतर मी सगळं वाजवलं. ऑर्केस्ट्रात वाजवलं, गणपतीच्या मांडवात वाजवलं, हळदीच्या कार्यक्रमात वाजवलं. एका ऑर्केस्ट्रावाल्यानं पहिल्या दिवशी साडी नेसून ये म्हणून सांगितलं. मी नऊवारी नेसून गेले आणि असं वाजवलं की पुढच्या कार्यक्रमाला तोच म्हणाला, तुला सोयीचं असेल ते घाल. तिथं मला माऊलीनं ऐकलं. तुझ्या अल्बमचा रेकॉर्डिस्ट माऊली, तोच. त्याच्या स्टुडिओत एका रॉक बँडचं रेकॉर्डिंग होतं आणि त्यांचा ड्रमर डेंग्यूनं आडवा झाला होता. माऊलीनं मला बोलावलं. बँडची पोरं माझ्याकडे बघून कॉफी कोण आणणार अशा थाटात बसली होती. पहिलं गाणं एका दमात झालं. दुसऱ्या गाण्याला त्यातल्या गिटारवाल्यानं मला विचारलं, ताई, हे अजून कसं करता येईल? मी सांगितलं. त्यांचा ड्रमर बरा होऊन आला तोवर त्यांचा अल्बम झालेला होता.

असं माझं काम सुरू झालं. दुसऱ्याच्या गाण्यात जायचं, ते आपलं असल्यासारखं वाजवायचं आणि आपल्या मागं काही न ठेवता निघायचं. मला ते आवडत होतं, हे नीट वाच. लोकांना वाटतं, बिचारी, पडद्यामागं राहिली. बिचारी कसली? नागपूरच्या एका म्हाताऱ्या गायकानं गझला रॉकमध्ये करायच्या म्हणून हट्ट धरला होता, त्याला कुणी ड्रमर मिळेना, कारण तो प्रत्येक ओळ वेगळ्याच वेळेला उचलायचा. मी त्याच्या ओठांकडे बघून वाजवलं. गाणं संपल्यावर तो उठला आणि माझ्या दोन्ही हातांवर त्यानं कपाळ टेकवलं. गोव्याच्या एका बँडबरोबर मी चर्चच्या पटांगणात भर पावसाळ्यात ताडपत्रीखाली वाजवलं. आणि कल्याण! भोकरदनचा कल्याण, बाजार समितीत त्याच्या काकांची आडत आहे. स्टेजवर तो असा किंचाळतो की पुढच्या रांगेतली पोरं मागं सरकतात आणि खाली उतरला की हळू आवाजात विचारतो, दैवशालाताई, भाकरी खाल्ली का? त्याच्याबरोबर मी शिलाँग, दिमापूर, कुठं कुठं फिरले. तिथल्या पोरांना मराठीचं एक अक्षर कळत नव्हतं, पण कापसाच्या भावावरचं त्याचं गाणं ती आमच्याबरोबर ओरडत होती. मोठ्या ड्रमच्या पेडलवर पायातला जोर काय असतो ते मला त्या दौऱ्यात कळलं. लोक म्हणायचे, बाईचा पाय आहे, दमेल. दमले नाही. ते म्हणणारे दमले.

आता तुझ्या गाण्याचं. एका दुपारी माऊलीनं बोलावलं आणि म्हणाला, मोठं काम आहे, बँडच्या ड्रमरला स्टुडिओत जमून नाही राह्यलं, कंपनीला गुपचूप दुसऱ्याकडून वाजवून हवंय. गाणाऱ्याचा आवाज अजून रेकॉर्ड व्हायचा होता. कानाला हेडफोन लावला आणि नुसती गिटार सुरू झाली. हरिओम, तू दुसरा कॉर्ड कायम केसभर उशिरा घेतोस. जगात दुसरं कुणी तसं घेत नाही. मला चार मात्रांत कळलं. माऊलीनं काचेपलीकडून विचारलं, काय झालं? मी म्हणाले, काही नाही, परत लाव.

मी उठून जाऊ शकले असते. तू विचारलंस ना फोनवर, का नाही गेलीस? ऐक. गाणं चांगलं होतं, आणि माऊलीनं नंतर ऐकवलं त्यात तुझ्या त्या ड्रमरनं त्याची माती केली होती. अंतऱ्याच्या आधी तो जिथं धडाधडा सगळे ड्रम बडवत होता, तिथं मी हात वर उचलले आणि काहीच वाजवलं नाही. सगळं थांबू दिलं. मग तुझ्या त्या उशिराच्या कॉर्डबरोबर, तितक्याच उशिरा, एकच घाव घातला. नंतर अल्बम आला तेव्हा कळलं, गाण्याचं नाव 'पत्र्यावरचं ऊन'. मोंढ्यातल्या गोदामावरचं गाणं. त्यात तू आहेस, पोती आहेत, तापलेले पत्रे आहेत. तुझ्या शब्दांत त्या गोदामात तू एकटाच बसला होतास. शब्दांतून तू आम्हाला बाहेर काढलंस, पण ऐकणाऱ्याला जे ऐकू येतं त्यातून मला काढता आलं नाही. तुझा तो पहिला अल्बम सगळा मी वाजवला. त्याच्या पुढचाही. आतल्या पानावर नाव तुझ्या ड्रमरचं.

मग तुझी ती मुलाखत. "त्या जागी ड्रमर थांबतो ना, त्या थांबण्यात अख्खं गाणं आहे," म्हणालास. ते तुझ्या ड्रमरनं वाजवलेलं नाही, हे तुला माहीत होतं, आणि कंपनीचं ते गुपित तू बोलण्याच्या भरात बोलूनही गेलास. "कोण आहे तो भाऊ, मला माऊली सांगत नाही. भेटला तर पाया पडेन," म्हणून हसलास. मी तेव्हा भाजी निवडत होते. मीही हसले. खरंच हसले, त्यात रडण्यासारखं काही नव्हतं. तुला तो 'भाऊ'च वाटणार होता.

सगळं असंच चालत राहिलं असतं. पण आई डोळ्याच्या ऑपरेशनसाठी पुण्याला आली. पट्टी निघाल्यावर म्हणाली, तू कुठं जातीस ते दाखव. मी तिला स्टुडिओत नेलं. माऊलीनं तिला खुर्ची दिली, कानाला हेडफोन लावला आणि कौतुकानं 'पत्र्यावरचं ऊन' लावलं. ती डोळे मिटून ऐकत होती, गुडघ्यावर बोट हलत होतं. संपल्यावर म्हणाली, "हे तूच वाजवून राह्यली ना?" मी हो म्हणाले. माऊलीनं तिच्या हातात अल्बम दिला. आई चौथीपर्यंत शिकलेली, सावकाश अक्षर लावून वाचते. सगळं वाचून झाल्यावर तिनं मान वर केली. "मंग तुझं नाव कुठंय?" माऊली म्हणाला, "मावशी, या कामात नाव नसतं." आई म्हणाली, "काम कुणाचं हाय?" माऊली म्हणाला, यांचंच. "मंग?" असं म्हणून ती माझ्याकडे बघत बसली. तो लाल कोट तारेवर टाकला त्या दिवशी तिच्या तोंडावर जे होतं, तेच आत्ता होतं. फरक इतकाच की या वेळी ती शेजारणीला नाही, मला विचारत होती.

त्या दिवसापासून मी सगळ्यांना सांगितलं, नाव असेल तर बसते, नसेल तर दुसरा बघा. बऱ्याच जणांनी दुसरा बघितला. एक अख्खा हंगाम मी घरी बसून उशीवर काठ्या वाजवल्या. कल्याण तेवढा म्हणाला, नाव तर लावतोच, फोटोपण लावतो, तुम्ही बाकी काही बोलू नका. हळूहळू लोक परत आले. त्याच वेळी तुझ्या तिसऱ्या अल्बमचं काम माऊलीकडे आलं. मी अट सांगितली. कंपनी नाही म्हणाली, बँडची प्रतिमा का काय ते सांगितलं. मी वाजवलं नाही. त्या अल्बमचं काय झालं ते मी तुला लिहायला नको. तू महिनोन्‌महिने माऊलीच्या मागं लागलास, ते वाजवणं परत का येत नाही म्हणून, आणि शेवटी त्यानं कंटाळून तुला माझं नाव सांगितलं. मग तुझा फोन. "दैवा, तू आधी का नाही सांगितलं?" मी सांगायचं होतं? पहिल्यांदा मला काढलंस तेव्हा मी काय वाजवते ते तुला सगळं माहीत होतं.

रागानं लिहितेय असं वाटत असेल. राग आहेच, पण त्यानं माझं जेवण सुटत नाही. मला सध्या वेळही नाही. मदीहा नावाची एक मुलगी आहे, आपल्या जालन्याचीच. घरी बोलतात त्या बोलीत ती गाणी लिहिते आणि अशी गाते की मला पहिल्यांदा ऐकून काठ्या खाली ठेवाव्या लागल्या. तालमीच्या पहिल्या दिवशी मी एका जागी घाई केली तर ती गाणं थांबवून म्हणाली, "आपा, जरा बराबर ऐको ना, मैं अभी पोची नहीं." इतक्या वर्षांत मला असं कुणी टोकलं नव्हतं. मी तिथंच ठरवलं, हिच्याबरोबर वाजवायचं. बास कोण वाजवतं माहीत आहे? पप्पू. दुसऱ्या अल्बमनंतर तू त्यालाही सोडलंस, तेव्हापासून त्याचं भोकरदनला हार्डवेअरचं दुकान आहे. नटबोल्ट विकत बसला होता, मी त्याला शटर ओढायला लावून तालमीला आणलं. पोट सुटलंय, बोटं तीच आहेत. आम्ही तिघं मिळून नवी गाणी बसवलीत. ती माझीही गाणी आहेत आणि तसं सगळीकडे लिहिलेलं आहे.

तर आता पत्राचं कारण. पप्पूनं परवा जालन्यातल्या गांधी चमन चौकातून मला तुझ्या पोस्टरचा फोटो पाठवला. 'मूळ खरीप पुन्हा एकत्र. जालन्याची लेक परत येतेय.' खाली तुझा भला मोठा चेहरा आणि बाजूला माझं नाव, दैवशाला, ठसठशीत अक्षरात. मी विचार करून सांगते म्हणाले होते, हरिओम. सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं जिथं माझे हात होते तिथं तू माझं नाव येऊ दिलं नाहीस, आणि आता जिथं मी नाही तिथं न विचारता लावून मोकळा झालास. मी येणार नाही. तुझ्या कार्यक्रमाच्या दिवशी मी जालन्यातच आहे, पण मदीहाच्या मागं बसून वाजवणार आहे, तू ठरवलेल्या जागी नाही. पोस्टरवरून माझं नाव काढ. शनिवारपर्यंत निघालं नाही तर मी शिडी घेऊन येते आणि भर चौकात, लोकांसमोर, माझ्या हातानं रंग लावून पुसते; कुणी विचारलं तर काय सांगायचं ते मला आईनं शिकवलंय. आणि तुला माझं नाव लावायची खरंच इतकी हौस आली असेल, तर ते दोन अल्बम अजून विकले जातात, लोक अजून ऐकतात. त्यांच्यावर लाव. तिथली जागा माझी आहे, आणि ती मी मागत नाहीये, सांगतेय.

तुझी नव्हे, आता माझी मीच,
दैवशाला